ऊन, वळीव, खारी हवा: गाडीचा रंग आणि हेडलाइट कसे जपायचे

सोसायटीत ठरलेल्या जागी, वर्षानुवर्षं एकाच दिशेला तोंड करून उभी राहणारी एखादी जुनी गाडी निरखून बघा. बऱ्याचदा तिचा एक हेडलाइट दुसऱ्यापेक्षा जास्त पिवळा असतो. भिंतीकडचा बरा, मोकळ्या बाजूचा गढूळ. गाडी तीच, वय तेच; फरक फक्त कुठल्या दिव्याने किती ऊन खाल्लं याचा. टपाचंही तसंच. दारांचा रंग अजून चकाकत असतो आणि टपावर पांढुरके चट्टे उठलेले असतात, कारण दारावर ऊन तिरपं पडतं आणि टपावर थेट.

आपल्याकडे विदर्भात पारा ४५ च्या पुढे, कोकणात बारा महिने खारी हवा, आणि मध्ये जून ते सप्टेंबर सगळीकडे पाऊस. एवढं सोसूनही दहा वर्षांची गाडी चांगली दिसू शकते. त्यासाठी महागडी बाटली लागतेच असं नाही. नुकसान नेमकं कुठे होतं ते कळलं की निम्मं काम होतं.

सगळा खेळ वरच्या थराचा

अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळी हेडलाइटला खरोखरची काच असायची. दगड लागला तर फुटायची, पण उन्हाने पिवळी पडत नसे. हल्ली तिथे पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक असतं. ते हलकं असतं, सहज फुटत नाही आणि हव्या त्या आकारात ओतता येतं. त्याची एकच मोठी खोड: सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याचे रेणू तोडतात आणि ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. किरण रोखण्याचं काम तोच करतो. तो झिजला, तडकला किंवा सुटायला लागला की खालचं प्लास्टिक उघडं पडतं आणि मग बिघाड झपाट्याने वाढतो. दिव्याचा उजेड सरळ पुढे जाण्याऐवजी विखुरतो. आपल्याला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र झगझगाट.

रंगाची रचनाही अशीच. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं, आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा थर सगळं ऊन अंगावर घेतो. गॅरेजवाला ज्याला ‘रबिंग’ म्हणतो, त्यात हाच थर थोडा थोडा खरवडला जातो. गाडी चमकते खरी, पण दर वर्षी हौसेने रबिंग करून घेणाऱ्याच्या गाडीचं टप आधी जातं.

स्वस्त गाड्यांच्या साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगावर कधी कधी क्लिअर कोट नसतोच. ओळखायचं सोपं आहे. डिकीच्या आतल्या कडेला पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश घासून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही. अशा गाडीला वॅक्सची गरज जास्त आणि रबिंगची भीतीही जास्त. लाल रंग तर सगळ्यात आधी विटतो.

तेव्हा क्रम असा ठेवायचा: आधी झाकायचं, मग धुवायचं, आणि घासायचं अगदी शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात.

उभी कुठे करता, तोंड कुठे करता

सावली हा फुकटचा उपाय, पण नीट निवडायला हवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ही सगळ्यात वरची पायरी. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत टप, बोनेट आणि डिकीचा वरचा भाग यांना सगळ्यात जास्त मार बसतो. वर्षातला बाकी बराच काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, आणि हिवाळ्यात तो खाली असल्यामुळे उभ्या भागांवर ऊन थेट आदळतं. म्हणून उघड्यावर गाडी लावताना निवड करता येत असेल तर तोंड उत्तरेला किंवा भिंतीकडे करा. नुसत्या एवढ्याने हेडलाइटचं आयुष्य वाढतं. जागा ठरलेली असेल तर निदान अधूनमधून उलटी लावा, म्हणजे एकाच दिव्याचा बळी जाणार नाही.

गाडी आठवडाभर उभीच राहणार असेल तर जाड सुती कापडाचे दोन स्वच्छ तुकडे बोनेटच्या कडेत चार बोटं अडकवून हेडलाइटवर सोडता येतात. गाडी चालू करण्याआधी ते काढायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. सरसकट आतपर्यंत कापड खुपसू नका. इंजिनाच्या पट्ट्यात गेलं तर वेगळीच कथा होईल.

झाडाची सावली मात्र पारखून घ्या. कडुनिंबाखाली फारसा त्रास नाही. वड, पिंपळ, उंबर यांवर पाखरं आणि वटवाघळं वस्तीला असतात, म्हणजे खाली गाडीवर शिंतोडे ठरलेले. जांभळाखाली जूनमध्ये गाडी लावणं म्हणजे डागांना आमंत्रणच. आंब्याचं झाड तर मोहोराच्या दिवसांत टाळाच. मोहोरावरचे तुडतुडे गोड चिकटा सोडतात, तो बोनेटवर फवारल्यासारखा बसतो आणि त्यावर नंतर काळी बुरशी चढते.

कव्हरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रोज वापरायच्या गाडीला उघड्यावर कव्हर घालू नये. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर ओढलं की ती धूळ रंगावर घासली जाते, आणि वारा सुटला की रात्रभर तेच चालतं. स्वच्छ, कोरड्या गाडीला, आठ-पंधरा दिवस हलवायची नसेल तेव्हाच कव्हर घाला आणि पोटाखालून पट्टे नीट आवळा. पावसाळ्यात रबरी किंवा प्लास्टिकचं, हवा न जाणारं कव्हर सगळ्यात वाईट. आत वाफ कोंडते, रंगाला फोड येतात आणि दारांच्या कडांना गंज धरतो.

रोजचा फडका

ऊन जे वर्षभरात करतं, ते सकाळचा ओला फडका महिन्याभरात करतो. बारा गाड्या, एक बादली, एक फडका. पाचव्या गाडीपर्यंत पाणी मातकट झालेलं असतं, आणि तुमची गाडी अकरावी. त्या पाण्यातली वाळू फडक्याबरोबर रंगावरून फिरते. दुपारच्या उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतात, ते इथून येतात. हे चरे नुसते दिसायला वाईट नसतात. ते काढायला रबिंग करावं लागतं आणि रबिंगने क्लिअर कोट जातो. म्हणजे ऊन रोखणारा थर आपण आपल्याच हाताने कमी करतो.

पुसणाऱ्या दादांची यात चूक नाही. रोज गाडी ओली दिसली पाहिजे असा आग्रह आपलाच असतो. त्यांना सरळ सांगावं, ‘दादा, रोज फक्त काचा पुसा, अंगावर फडका मारू नका. रविवारी धुवा. पैसे तेवढेच.’ सोबत मायक्रोफायबरचे दोन फडके आपणच द्यावेत, एक काचांना आणि एक अंगाला, वेगळ्या रंगांचे. माझ्या अनुभवात बहुतेकांना हे आवडतं, त्यांचंही काम वाचतं. कोरड्या धुळीवर मॉप डस्टर फिरवणं हाही त्याच जातीचा प्रकार. धूळ बसली आहे? बसू द्या. नुसत्या धुळीने रंगाचं काही बिघडत नाही, ती घासल्याने बिघडतं.

धुवायची पद्धत अशी. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, बोनेटला हात लावल्यावर गार लागेल तेव्हाच सुरुवात करा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि त्याचेच डाग बसतात. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली सगळी धूळ वाहू द्या. चाकांच्या वरच्या कमानींत आणि दारांच्या खालच्या भागात जास्त पाणी मारा, खरा चिखल तिथे असतो. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि पुन्हा शाम्पूत. क्रम टप, काचा, बोनेट, दारं आणि शेवटी खालचा भाग. चाकांचा फडका कायम वेगळा. हात गोल गोल न फिरवता सरळ रेषेत फिरवा.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण गाडीला लावू नका. त्यांनी तेलकटपणाबरोबर वॅक्सही निघतं आणि रबर कोरडं पडतं. शेवटी सुकवणं विसरू नका. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पांढरी गोल खूण राहते आणि उन्हाने ती रंगात रुतते. पुण्या-संभाजीनगरकडच्या कितीतरी सोसायट्यांत गाडी धुऊन तशीच उन्हात सोडतात, आणि मग काळ्या गाडीवर चांदण्या पडल्यासारख्या दिसतात. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून अलगद ओढला की पाणी टिपलं जातं.

पाण्याचीच वानवा असेल तिथे एवढं पाणी गाडीवर ओतणं बरं दिसत नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा भागात रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारी धुलाई, हा उत्तम मार्ग. दहा लिटर पाण्यात झाकणभर द्रव टाकायचा, चार-सहा फडके त्यात भिजवायचे, प्रत्येक भागाला फडक्याची नवी घडी वापरायची आणि मागोमाग कोरड्या टॉवेलने टिपायचं. गाडी चिखलाने माखली असेल तेव्हा मात्र हा उपाय चालत नाही.

डाग: कोणता आधी, कसा

पक्ष्याची विष्ठा घाईची. त्यात आम्ल असतं, आणि तापलेला क्लिअर कोट मऊ पडलेला असताना ते त्यात रुततं. मेच्या उन्हात काही तासांत कायमची खूण उमटू शकते. खरवडू नका, त्यात वाळू आणि बियांचे कण असतात. ओला टिश्यू किंवा सुती कापड पाच-दहा मिनिटं डागावर ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या आणि पाणी टाका. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन जुने रुमाल ठेवले की हे रस्त्यातही जमतं.

आंब्याचा चिकटा कोमट पाण्यात शाम्पू घालून निघतो. झाडाचा डिंक कडक झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन टिपा. डांबराच्या ठिपक्यांना बरेच जण रॉकेल लावतात. चालतं, पण थोडं, फडक्यावर घेऊन, आणि लगेच शाम्पूने धुवायचं. हेडलाइटवर मात्र रॉकेल, पेट्रोल, थिनर काहीही नको. पॉलिकार्बोनेटला त्यांनी आतून बारीक तडे जातात.

सिमेंटची धूळ वेगळी वागते. बांधकामाशेजारी किंवा चंद्रपूरकडे सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात ती गाडीवर बसते, पहाटेच्या दवाने ओली होते आणि घट्ट धरते. ती कधीच पुसू नका. भरपूर पाणी मारा. उरलीच तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून फडक्याने मिनिटभर लावा आणि धुऊन टाका. बोअरवेलच्या पांढऱ्या खुणांनाही हाच उपाय, मात्र सावलीत आणि गार पत्र्यावर.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे गाळप हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतून बगॅसची काळी काजळी उडते. ती अगदी हलकी असते, हाताने पुसली तर काळे फराटे उठतात. आधी फुंकून किंवा पाण्याच्या धारेने घालवा. कोकणात जांभ्याची लाल माती पांढऱ्या गाडीच्या सांध्यांत अडकून गेरूसारख्या रेघा सोडते. तिथे मऊ ब्रश आणि शाम्पू पुरतो. रेल्वे स्टेशनलगत रोज गाडी लावत असाल तर पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके दिसतील. रूळ आणि ब्रेक यांच्या घासण्यातून उडालेले लोखंडाचे कण तिथे रुतून गंजलेले असतात. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो जांभळा होत कण विरघळवतो. मिनिटभरात, वाळण्याआधी धुवायचा.

धुळवडीचा गुलाल पुसायचा नाही, धुवायचा. आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर गाडी नक्की धुवा. पाऊस पडला म्हणजे गाडी धुतली गेली, असं वाटतं खरं, पण पहिला पाऊस हवेतली सगळी धूळ आणि धूर घेऊन खाली येतो, तासाभरात ऊन पडतं आणि ते सगळं बोनेटवर भाजून निघतं.

वर कोणता थर द्यायचा

मूळ थर झिजू नये म्हणून त्यावर झिजण्यासाठीच दुसरा थर द्यायचा, एवढीच यातली कल्पना. तो देण्याआधी रंग गुळगुळीत हवा. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवरून बोटं फिरवा; खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, लागेल. तो भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, दाब न देता सरकवायचा. जमिनीवर पडला तर फेकून द्या, लोभ नको.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. झळाळी सुंदर, पण आपल्या उन्हाळ्यात महिना-दीड महिना टिकलं तरी पुष्कळ. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच लावायचा कृत्रिम थर, चार-सहा महिने जातो. स्वतः हाताने करणाऱ्यासाठी मी हाच सुचवेन: एक थर मार्चच्या सुरुवातीला उन्हाळ्यासाठी, दुसरा मेअखेर पावसाळ्यासाठी, तिसरा दिवाळीच्या सुमारास. पातळ लावा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात.

सिरॅमिक कोटिंग नीट लावलं तर दोन-तीन वर्षं निघतात. पाणी आणि घाण चिकटत नाही, धुणं सोपं होतं. पण जाहिरातीतला ‘९एच’ हा पेन्सिलच्या कडकपणाचा आकडा आहे. त्याने दगडाचा टवका थांबत नाही आणि घाणेरड्या फडक्याचे चरेही थांबत नाहीत. कोटिंगच्या आधी पॉलिश किती करणार, हा प्रश्न जरूर विचारा. नव्या गाडीला जोरदार कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, मारायचं काहीच कारण नाही. शोरूममध्ये गाडी घेताना ‘टेफ्लॉन कोटिंग’ गळ्यात मारतात, त्याला नम्रपणे नाही म्हणा. ते द्रव्य पृष्ठभागावर पक्कं बसायला ३०० अंशांहून जास्त उष्णता लागते. तुमच्या गाडीवर तेवढी दिली तर रंगच उरणार नाही. मिळते ती तात्पुरती चमक.

दगडापासून खरं रक्षण करते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. महाग असते. सगळ्या गाडीला लावणं मला तरी हौसेचं काम वाटतं. बोनेटची पुढची कड, बंपर, आरशांच्या पाठी आणि हेडलाइट, एवढ्यावर भागतं.

पिवळ्या हेडलाइटचं काम, सुरुवातीपासून

आधी निदान. हेडलाइटवर पाणी मारा. ओला असेपर्यंत तो स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर पुन्हा गढूळ झाला, तर बिघाड बाहेरच्या थरात आहे आणि घासून निघेल. ओला असतानाही आत तडे किंवा धुरकटपणा दिसत असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही.

सामान: १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, रुंद मास्किंग टेप, बादली, स्पंज किंवा रबरी ठोकळा, पॉलिशिंग कंपाउंड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबर फडके आणि शेवटच्या थरासाठी तुम्ही निवडाल ते. मूळ थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ८०० नंबरही घ्या.

दिवा शाम्पूने धुऊन पुसा. भोवतालच्या रंगावर टेपचे दोन थर द्या, विशेषतः बोनेटच्या कडेवर. तिथला रंग क्षणात उडतो. कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका. १००० नंबरने आडवे हात मारा, सतत ओलं ठेवा. सुरुवातीला पिवळसर, चिकट पाणी ओघळेल. तो सडलेला मूळ थर. पाणी पांढरं व्हायला लागलं आणि सगळा दिवा एकसारखा दुधी दिसला की हा नंबर संपला. मध्येच एखादं चमकदार बेट दिसत असेल तर तिथे जुना थर शिल्लक आहे, तो काढा; नाहीतर नंतर त्याची कड उठून दिसते.

१५०० नंबर उभा चालवा, २००० पुन्हा आडवा, ३००० उभा. दिशा बदलत राहिल्याने आधीच्या नंबरचे चरे गेले की नाही ते लगेच कळतं. घाईने नंबर वगळणाऱ्याचे खोल चरे रात्री दिवा लावल्यावर दिसतात, दिवसा नाही. दर वेळी पाणी बदला. १००० चा एक कण ३००० च्या कागदाखाली आला तर सगळी मेहनत पुन्हा.

पुढची वाट शेवटचा थर कोणता देणार यावर ठरते, आणि इथे बरेच जण गोंधळतात. दोन घटकांचा (लॅकर आणि तो कडक करणारा हार्डनर) क्लिअर लॅकर मारणार असाल तर चकाकी येईपर्यंत पॉलिश करायचं नाही. लॅकरला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो. १५०० किंवा २००० वर थांबा, डब्यावर दिलं असेल तो नंबर पाळा. दुधीपणा लॅकर बसताच निघून जातो. याउलट पुसून लावायचं कोटिंग किंवा पीपीएफ लावायची असेल तर ३००० नंतर कंपाउंडने काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत पॉलिश करा. दोन्ही वाटांत नंतर अल्कोहोलने दोनदा पुसून तेलकटपणा घालवा आणि बोट लावू नका.

लॅकर घेताना अतिनील किरण रोखणारा आणि हार्डनर असलेला घ्या. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक. कापडी रुमाल बांधून चालणार नाही. कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि मोकळी जागा हवी. ही तयारी नसेल तर तेवढं काम चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून करून घ्या, घासणी घरी करून न्या. मारताना पहिला हात अगदी पातळ, दहा-एक मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. धूळ, वारा आणि पावसाळी दमट हवा टाळा. २४ तास पाणी लागू देऊ नका. असा दिवा उघड्या उन्हातही दोन-तीन वर्षं काढतो. पुसून लावायचं कोटिंग साधारण वर्षभर. वॅक्स किंवा सीलंट काहीच नसण्यापेक्षा बरा, पण दर महिन्या-दोन महिन्यांनी लावावा लागेल.

टूथपेस्टचं काय? त्यात बारीक घासणारे कण असतात, म्हणून दिवा उजळतो. पण उरलासुरला मूळ थरही त्याबरोबर जातो आणि वर काहीच राहत नाही, त्यामुळे काही महिन्यांत दिवा आधीपेक्षा वाईट होतो. डासांच्या क्रीममधलं डीट तर प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवून चमक आणतं. ते अजिबात नको. हल्ली कपात द्रव तापवून नळीतून वाफ मारायचं यंत्र घेऊन रस्त्याकडेला पाच मिनिटांत दिवे चमकवून देतात. ती वाफ क्लोरीनयुक्त विद्रावकाची असते, श्वासाला विषारी. प्लास्टिक वितळून गुळगुळीत होतं, पण उन्हापासून संरक्षण शून्य आणि पुढे तडे जायचा धोका.

दिवे अजून नवे, स्वच्छ असतील तर या सगळ्यात पडूच नका. मूळ थर शाबूत असतानाच पारदर्शक पीपीएफ लावून टाका. पिवळी पडली की फिल्म बदलायची, दिवा नाही. या लेखातला एकच सल्ला घ्यायचा झाला तर हा घ्या. काळसर किंवा रंगीत फिल्म मात्र नको, उजेड घटतो.

बल्बकडेही बघा. एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. बाजारात १००/९० चे मिळतात आणि हायवेला चालवणारे हौसेने बसवतात. त्या उष्णतेने आतला परावर्तक करपतो आणि दिवा आतून धुरकटतो. ते कुठल्याच कागदाने निघत नाही. धुतल्यावर किंवा पावसात आत हलकं दव धरणं सामान्य आहे, दिवे लावून अर्ध्या तासात जायला हवं. तळाशी पाणी साचत असेल तर सील गेलंय. हवेची नळी सिलिकॉनने बुजवू नका, दमटपणा जायची वाट तीच आहे.

समुद्राकाठी आणि पावसात

अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा इथे मीठ हवेतच असतं. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून टवका गेलेल्या जागी गंज लवकर चढतो. किनाऱ्यावरून परतलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा: चाकांच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, बंपरच्या मागची बाजू. वाळूत गाडी घालून फोटो काढणाऱ्यांना काय सांगावं! दारांच्या तळाला पाणी निचरायची छोटी भोकं असतात, ती पावसाळ्याआधी काडीने मोकळी करा. वायपर आणि बोनेट यांच्यामधल्या खोलगट भागात पानं साचतात, तीही काढा. तिथला ओला कचरा पत्रा खातो.

मुंबई–गोवा महामार्गावरच्या खडीने बोनेटला टवके पडले असतील तर जूनच्या आत टचअप करा. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर सापडतो. टवक्याच्या कडा अल्कोहोलने पुसा, गंज असेल तर काडीला चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्याने तेवढाच घासा. आधी प्रायमरचा ठिपका, मग रंगाचे दोन-तीन पातळ ठिपके, प्रत्येक वाळल्यावर पुढचा, आणि शेवटी क्लिअर. जवळून तो दिसेलच. पण उद्देश गंज थांबवण्याचा आहे.

क्लिअर कोटच सोलायला लागला तर

टपावर पांढरे चट्टे पडले, कडा नखाने उचलल्या जाऊ लागल्या, की पॉलिश, वॅक्स, सिरॅमिक सगळं व्यर्थ. तो भाग घासून पुन्हा रंगवणं एवढाच मार्ग. चट्ट्यापुरता लॅकर मारून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. जोडाची रेघ पुढच्या उन्हाळ्यात सोलते, पूर्ण पॅनेलच करावं लागतं. पेंटरला तीन गोष्टी विचारा: क्लिअर हार्डनरवाला आहे का, काम बंद बूथमध्ये होतं की रस्त्याकडेला, आणि रंग तापवून सुकवणार की नुसता उन्हात ठेवणार. गाडी हातात आल्यावर नव्या रंगावर निदान महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग लावू नका. आतले विद्रावक बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. त्या महिन्यात गाडी फक्त साध्या पाण्याने, सावलीत धुवा, आणि पक्ष्याची विष्ठा दिसली तर लगेच काढा. ताज्या रंगावर ती नेहमीपेक्षा लवकर खूण सोडते.